पर्यटन अभ्यासातील संशोधनाचा सध्याचा कल आणि कोल्हापूरवरील प्रबंध: विषय कोणता घ्यावा, लेख कोठे पाठवावा?

प्रश्न : करवीर_अभ्यासक

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि पर्यटन या विषयात पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. अंबाबाई मंदिर, जोतिबा आणि पन्हाळा या तीन ठिकाणी येणाऱ्या पर्यटकांचे समाधान आणि त्यांचा पुनर्भेटीचा मानस, असा विषय मार्गदर्शकांनी सुचवला आहे. पद्धतही ठरल्यासारखीच आहे. पाच पर्यायांची प्रश्नावली भरून घ्यायची, स्मार्ट पीएलएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरवर प्रतिमान (कशाचा कशावर परिणाम होतो याची मांडणी) तपासायचे आणि गृहीतके सिद्ध झाली की निष्कर्ष लिहायचे. सध्या नियतकालिकांत हेच चालते असे त्यांचे म्हणणे आहे आणि अलीकडचे अंक चाळल्यावर ते मला खोडूनही काढता येत नाही. तरीसुद्धा दुसऱ्या देशातील समुद्रकिनाऱ्यावर वापरलेले प्रतिमान नाव बदलून इथे बसवण्यात नवे काय, हा प्रश्न मनातून जात नाही.

याशिवाय, प्रबंधाच्या आधी व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ग्रंथमितीय आढावा (छापलेल्या लेखांची आणि उद्धरणांची मोजदाद करणारा आढावा) लिहून तो लवकर छापून घ्यावा असाही सल्ला मिळाला आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद झाल्यापासून कोणते नियतकालिक धरावे हे विभागात कोणीच ठामपणे सांगत नाही. दुसरीकडे, पैसे भरल्यास चार दिवसांत लेख छापून देण्याची हमी देणारे ईमेल रोज येत आहेत. या क्षेत्रातील संशोधनाचा प्रवाह खरोखर कोणीकडे चालला आहे आणि माझ्यासारखीने त्यात काय धरावे, काय सोडावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

उत्तर : भूगोल_निवृत्त

मॅडम, आपली शंका रास्त आहे, आणि ती या विद्याशाखेइतकीच जुनी आहे. पर्यटन अभ्यासाची स्वतंत्र नियतकालिके १९७०च्या दशकात उभी राहू लागली. ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च १९७३ साली सुरू झाले. आपल्याकडे लखनौहून तेज वीर सिंह यांनी १९७६ साली टुरिझम रिक्रिएशन रिसर्च सुरू केले, ते आज आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून निघते. त्या काळात या विषयावर लिहिणारे समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि भूगोल यांतून आलेले होते. पर्यटकाला दाखवले जाणारे ‘अस्सल’ जीवन बरेचदा त्याच्यासाठीच मांडून ठेवलेले असते, हा मुद्दा डीन मॅकॅनेल यांनी १९७३ साली मांडला. रिचर्ड बटलर यांनी पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचा आलेख १९८० साली मांडला, तोही कॅनडातील भूगोलाच्या नियतकालिकात. पुढे हा विषय व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत स्थिरावला आणि ‘पर्यटक येथे काय करतो’ या प्रश्नाऐवजी ‘ग्राहक समाधानी आहे काय’ हा प्रश्न मध्यभागी आला. आपल्याला सुचवलेला विषय या दुसऱ्या वळणाचा आहे.

आता तो कोल्हापुरात का अडखळतो ते सांगतो. ज्यांचे कुलदैवत जोतिबा आहे अशा कुटुंबाला वाडी रत्नागिरीच्या पायऱ्यांवर थांबवून ‘आपण या स्थळाला पुन्हा भेट द्याल काय’ असे विचारून पाहा. हा काय प्रश्न झाला, अशा नजरेने ते आपल्याकडे पाहतील आणि ‘पूर्णपणे सहमत’ या रकान्यावर खूण करून पुढे जातील. त्यांच्या मागून येणारेही तेच करतील. ज्या उत्तरात माणसागणिक फरकच पडत नाही, त्याचे कारण कोणतेही प्रतिमान शोधू शकत नाही. सॉफ्टवेअर आकडे देईल, पण ते मोजलेल्या गोष्टीचे नसतील. पुनर्भेटीचा मानस ही कल्पना सुट्टीसाठी चार ठिकाणांतून एक निवडणाऱ्या माणसावर बेतलेली आहे. लग्नानंतर जोडीने दर्शनाला येणे, नवस फेडणे, चैत्रातील यात्रेला सासनकाठी घेऊन येणे, यांत निवड आहे की कर्तव्य, आणि कर्तव्य असेल तर ‘समाधान’ या मोजमापाचा अर्थ काय उरतो, हा मात्र प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो.

गर्दीचेही तसेच आहे. अतिपर्यटन हा गेल्या दहा वर्षांतला सर्वांत चलनी विषय आहे. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लावले आणि त्यावर लेखांची रांग लागली. परंतु चैत्र यात्रेतील गर्दी ही भाविकाच्या दृष्टीने अडचण आहे की यात्रेचा अविभाज्य भाग आहे? गुलालाने माखून घरी परतणाऱ्याला गर्दी जास्त होती का असे विचारणे आणि पायथ्याच्या गावातील रहिवाशाला तेच विचारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे ठिकाण किती माणसे पेलू शकते हे सांगणाऱ्या धारणक्षमतेच्या सूत्रात हा भेद मावत नाही.

उत्तर : समीक्षक_पुणे

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र संख्यात्मक पद्धतीलाच दोषी धरणे मला मान्य नाही. पर्यटनाच्या काही नियतकालिकांसाठी मी लेखांचे परीक्षण करतो. परत पाठवलेल्या लेखांत पद्धत चुकलेली असते असे क्वचितच घडते. बहुतेक लेखांना प्रश्नच नसतो. नियोजित वर्तनाचा सिद्धांत (माणसाचा मानस कशाने ठरतो हे सांगणारा) घ्यायचा, त्यात एक नवा चल, म्हणजे मोजायचा घटक, घालायचा, ओळखीच्या विद्यार्थ्यांकडून गूगल फॉर्म भरून घ्यायचा आणि सर्व गृहीतके सिद्ध झाली असे लिहायचे. असे लेख इतके येतात की संपादक ते परीक्षकांपर्यंत पोहोचूही देत नाहीत. वरच्या श्रेणीतील नियतकालिके आता एकाच वेळी, एकाच प्रश्नावलीतून घेतलेल्या माहितीकडे संशयाने पाहतात. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत सांगितले, तर त्यांच्यातील संबंध फुगलेला दिसतो. म्हणून प्रयोग, ठरावीक अंतराने घेतलेली पाहणी, मोबाइलच्या नोंदींवरून काढलेली ये-जा आणि प्रवाशांनी इंटरनेटवर लिहिलेल्या अभिप्रायांचे विश्लेषण यांकडे ओढा वाढला आहे.

विषयांचे म्हणाल तर कोविडची लाट ओसरली आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय आगमने सुमारे तीन चतुर्थांशांनी घटली, तेव्हा त्यावर अक्षरशः पूर आला होता; आज केवळ ‘कोविडनंतरचे पर्यटन’ एवढ्या भांडवलावर लेख स्वीकारला जाणे कठीण आहे. हवामानबदल, स्थानिकांचे हक्क, पर्यटनातील मजुरी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पाश्चात्त्य नसलेल्या समाजांतून सिद्धांतमांडणी, हे विषय सध्या पुढे आहेत. शेवटचा विषय आपल्यासाठी उघडे दार आहे. २०१९ साली भारतात देशांतर्गत पर्यटनभेटी सुमारे २३२ कोटी होत्या आणि परदेशी पर्यटकांची आगमने १ कोटी ९ लाखांच्या आसपास. तरीही आपण उद्धृत करतो ते बरेचसे सिद्धांत सीमा ओलांडून सुट्टीवर जाणाऱ्या प्रवाशाला समोर ठेवून रचलेले आहेत. सकाळच्या एसटीने नृसिंहवाडीला येऊन दत्तदर्शन आणि प्रसाद घेऊन संध्याकाळी परतणारा माणूस संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार ‘पर्यटक’ ठरत नाही, कारण त्याने तेथे रात्र काढलेली नसते. तो ‘एकदिवसीय अभ्यागत’ ठरतो. भक्तनिवासात किंवा नातेवाइकांकडे उतरणारा तर हॉटेलांच्या नोंदीतही सापडत नाही. जिल्ह्याच्या पर्यटनाचा हिशेब मांडताना कोण गळते, यावर एक चांगला लेख सहज होईल.

ग्रंथमितीय आढाव्याबद्दल माझे मत कठोर आहे. रंगीत जाळ्यांचे नकाशे छापून कोणता लेखक किती वेळा उद्धृत झाला एवढेच सांगणारे आढावे अतोनात झाले आहेत आणि अनेक संपादकांनी आता त्यांना दार बंद केले आहे. त्यातून आपल्या विषयात तो मूळातच अपुरा पडेल. पंढरीच्या वारीवरील इरावती कर्वे यांचा लेख १९६२ साली जर्नल ऑफ एशियन स्टडीजमध्ये इंग्रजीत आला आणि मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रेवर लिहिताना त्याचा आधार घेतला. पण त्याच्या शीर्षकात ‘टुरिझम’ नाही. स्कोपस या संशोधनलेखांच्या सूचीत तो शब्द टाकून शोधणाऱ्याच्या नकाशावर तो येणारच नाही, मग मराठीतील गॅझेटियर, स्थलपुराणे आणि यात्रावर्णने तर दूरच. आढावा लिहायचाच असेल तर मोजक्या साहित्याचा, वाचून केलेला, बाजू घेणारा आढावा लिहावा.

उत्तर : पन्हाळ्याचा_रहिवासी

मी प्राध्यापक नाही. गडावर आमचे राहते घर आहे आणि त्यातच पर्यटकांसाठी खोल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. बाराही किल्ल्यांत पन्हाळ्याचे वेगळेपण असे की येथे शाळा, बाजार, नगरपरिषद असे रोजचे चालते गाव आहे. नामांकनाच्या काळात आमच्याकडे घरोघरी एकच चर्चा होती, की उद्या घराला एक खोली वाढवायची झाली तर परवानगी कोणाकडे मागायची? प्रश्नावल्या घेऊन येणारी मुले मात्र तीन दरवाजा आणि सज्जाकोठीजवळ पर्यटकांना गाठतात, फोटो काढतात आणि उतरून जातात. गडावर राहणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा पर्यटक थांबले आणि आमचे दूध, गॅस, औषधेही अडली. त्या महिन्यांत कोणाचा धंदा कसा चालला, कोण गड उतरून कामाला गेले, याची माहिती माणसांना अजून तोंडपाठ आहे. ताई, आपण आलात तर चहा आमच्याकडे, आणि बोलणारी माणसेही मिळतील.

उत्तर : ग्रंथालय_सेवक

विषयाबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी प्रकाशनापुरते लिहितो.

केअर यादी बंद केल्याचे यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि तिच्या जागी नियतकालिकाची पारख करण्यासाठी सुचवणीवजा निकष दिले. म्हणजे निवडीची जबाबदारी आता संस्थेवर आणि संशोधकावर आली आहे. काहींना त्यामुळे पोरके वाटते, परंतु यादी असतानाही फसवणूक थांबलेली नव्हती. २०१८ साली यूजीसीने स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली होती. दुसरी गोष्ट अशी, की २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापून आलाच पाहिजे अशी यूजीसीची अट उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा आणि विभागाचा नियम काय आहे ते तेवढे लेखी पाहून घ्यावे. अट नसेल तर चार दिवसांच्या हमीला भुलण्याचे कारणही उरत नाही.

लेख पाठवण्यापूर्वी मी संशोधकांना मागील दोन अंकांतील चार लेख पूर्ण वाचायला सांगतो. पर्यटनाच्या नियतकालिकात मध्येच सिमेंटची ताकद आणि मधुमेहाचे औषध यांवरील लेख दिसले तर पुढे पाहण्याची गरज नाही. ‘स्कोपसमध्ये समाविष्ट’ हा दावा स्कोपसच्या स्वतःच्या स्रोतसूचीवर जाऊन तपासावा, कारण वगळले गेलेले नियतकालिकही जुना शिक्का मिरवत राहते. नामांकित नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळ उघडून शुल्क गोळा करण्याचा प्रकारही होतो. त्यामुळे संकेतस्थळावर ईमेलमधील दुव्यावरून न जाता प्रकाशकाच्या मुख्य पानावरून जावे.

शुल्काबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. टुरिझम मॅनेजमेंटसारख्या संमिश्र नियतकालिकात लेख सर्वांसाठी मुक्त ठेवायचा असेल तरच शुल्क पडते, आणि ते काही लाख रुपयांच्या घरात जाते. वर्गणीचा मार्ग निवडल्यास लेखकाला काहीही भरावे लागत नाही. बरेच प्रकाशक स्वीकृत मसुदा ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात. तीर्थयात्रेचे अंग धरणार असाल तर डब्लिनहून निघणारे इंटरनॅशनल जर्नल ऑफ रिलिजस टुरिझम अँड पिलग्रिमेज अवश्य पाहावे. ते वाचकांना मुक्त आहे आणि आपल्यासारखे विषय तेथे उपरे ठरत नाहीत.

वाचनासाठी आता पूर्वीइतकी अडचण राहिलेली नाही. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांना २०२५ पासून खुली झाली आहेत. आपले महाविद्यालय खासगी संस्थेचे असेल तर तेथे ही सोय असेलच असे नाही, परंतु आपली नोंदणी शिवाजी विद्यापीठात असल्यास बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करावी. लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर तसे नमूद करावे लागते, आणि तिला लेखक म्हणून नाव देता येत नाही. यावर मोठ्या प्रकाशकांचे एकमत आहे.

करवीर_अभ्यासक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मार्गदर्शकांशी बोलणे झाले. विषय पूर्ण बदलण्यास त्यांची तयारी नाही, परंतु तीन ठिकाणांऐवजी दोनच घ्यावीत आणि प्रश्नावलीच्या आधी मुलाखतींचा टप्पा ठेवावा, इतके त्यांनी मान्य केले आहे. मी जोतिबा आणि पन्हाळा ठेवते आहे, अंबाबाई मंदिर तूर्त सोडते. एक शंका राहते: पुनर्भेटीच्या उत्तरात फरकच नसेल, तर प्रश्नावलीत त्या जागी काय विचारावे?

समीक्षक_पुणे

येण्याची खेप कशाने ठरली ते विचारावे, म्हणजे पौर्णिमा की रविवार, नवस की सुट्टी, कोणाबरोबर आणि कोणाच्या खर्चाने, आणि त्याच फेरीत पन्हाळ्यावर जाणे झाले की नाही. जोतिबाला येणाऱ्यांपैकी कोण पुढे गडावर चढतो आणि कोण तेथूनच घरी वळतो, यात माणसागणिक खरा फरक पडेल, आणि तो मोजताही येईल. मुलाखतींचा टप्पा चैत्र यात्रेच्या दिवशी न ठेवता एखाद्या साध्या रविवारी ठेवावा, कारण यात्रेत कोणाला थांबून बोलायला सवड नसते. पन्हाळ्यावरील रहिवाशांच्या मुलाखती मात्र पावसाळ्यात घ्या. तेव्हा गिऱ्हाईक कमी असते.