मदत हवी आहे : घर कर्नाटकात, गाडी एमएच ०९, लोकल टोल पास मिळेल का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, अगदी सीमेवर. हायवेचा टोलनाका घरापासून सात किलोमीटर. अण्णांचं डायलिसिस कोल्हापुरात, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे आठवड्यातून चार वेळा नाका ओलांडायचा.

गेल्या मंगळवारी परतताना स्कॅनरनं फास्टॅग वाचलाच नाही. मागं ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न. अण्णांच्या पायात गोळे आलेले, सुई काढली त्या जागेची पट्टी दुसऱ्या हातानं दाबून बसलेले. वीस मिनिटं तशीच गेली. तेव्हाच ठरवलं, नाक्याजवळ राहणाऱ्यांचा लोकल पास काढायचा.

काउंटरवर कानडीत उत्तर मिळालं, "पास इल्ल री", म्हणजे पास नाही. कारणं दोन. व्हॅन मेहुण्यांकडून घेतलेली, आरसीवर पत्ता कोल्हापूरचा. इकडं नावावर करायची तर एनओसी, वर कर्नाटकचा आजीवन टॅक्स. यंदा औषधांतूनच काही उरत नाही. दुसरं म्हणे, "सर्व्हिस रोड आहे की." तो ओढ्याजवळ संपतो हो! पुढं शेतातली वाट, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर. आजारी माणसाला त्यावरून न्यायचं कसं?

टोलच नको असं माझं म्हणणं नाही. चौपदरी रस्त्यानं कोल्हापूर जवळ आलं, हे आम्हीच रोज अनुभवतो. पण नाक्याशेजारी राहणाऱ्यांना नियमानंच सवलत दिलीय, तर ती मिळायला हवी.

पास राहत्या पत्त्यावर देतात की आरसीच्या? अर्धवट सर्व्हिस रोड पर्यायी रस्ता धरतात का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (खानापूर)

दादा, २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत 'राहणारा' असाच शब्द आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणारा मालक किंवा चालक, आणि गाडी खासगी वापराची. तुमचं आधार घेऊन जा. सर्व्हिस किंवा पर्यायी रस्ता असेल तर पास नाही, ही अटही त्यातच आहे. म्हणून ओढ्याजवळचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवा.

पण आधी हिशेब करा. २०२५-२६ ला लोकल पास महिना ३५० रुपये होता, म्हणजे वर्षाचे ४,२००. ऑगस्ट २०२५ पासूनचा फास्टॅगचा वार्षिक पास २०२५-२६ ला ३,००० चा होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. त्याला राहता पत्ता लागत नाही, राजमार्गयात्रा ॲपवर निघतो. जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरतात. तुमच्या वर्षाला २०८ होतील, शेवटच्या आठवड्यांत संपेल एवढंच. टॅग मात्र गाडीच्या नंबरावर नोंदलेला पाहिजे, नुसत्या चेसिस नंबरावर चालत नाही.

धागाकर्ता

खूप आभार ताई. टॅग नंबरावरच आहे, आत्ता ॲपवर बघितलं. रात्री वार्षिक पास काढतो. अर्ज पण देणार, कारण ओढ्यापलीकडच्या तीस-चाळीस घरांना तोच प्रश्न आहे. उद्या शुक्रवार, पोच मिळाली की इथं लिहितो.