'डिसेंडंट कम्युनिटी'ला मराठीत काय म्हणाल?

शेवंती: अनुवादात अडकलेय. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला सरकारी इमारतीचा पाया खणताना गुलामीच्या काळातलं आफ्रिकन लोकांचं दफनस्थान लागलं. शहरातल्या कृष्णवर्णीयांनी आवाज उठवला. ४१९ जणांचे अवशेष पुढे हॉवर्ड विद्यापीठात गेले, आणि मानवशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकींच्या चमूने काय शोधायचं ते या लोकांना विचारून ठरवलं. ही 'डिसेंडंट कम्युनिटी'. मी 'वंशज' लिहिलं, संपादक म्हणतात 'वारसदार' करा.

बोरूबहाद्दर: वारस अरबी. आपल्याकडे 'दायाद' असताना उसनवारी कशाला?

खडीसाखर: दायाद ऐकून आमच्या घरी विचारतील, नवीन मलम आलंय का? आणि 'वारसा'ही अरबीच की. जागतिक वारसा स्थळांच्या पाट्या पुसायला कोण जाणार?

सातबारा: वारस नकोच. आजोबा गेल्यावर वारसनोंदीला आठ महिने हेलपाटे घातले. आत्या एका कागदावर सोनूबाई, दुसऱ्यावर सोनाबाई! वारस म्हटलं की कागद आलाच. इथे तर पुरलेल्यांची नावंही माहीत नाहीत.

शेवंती: तीच तर गोम आहे, दादा. वंशावळ कोण दाखवणार? तरी ते म्हणाले, ही आमची माणसं. म्हणून आता 'वंशज'ही खटकतंय.

बोरूबहाद्दर: वंश म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर. एक पेर हरवलं म्हणून बेट तुटत नाही. वंशज चालेल.

मुक्कामपोस्ट: 'भावकी' म्हणा.

सातबारा: भावकी बांधावर भांडते, मुडद्यासाठी नाही 😄

खडीसाखर: 'मागची माणसं' कसं वाटतं? कुणी गेलं की आपण विचारतोच, मागे कोण कोण आहे? यांनी २००३ मध्ये घानात कोरून घेतलेल्या लाकडी पेट्यांतून सगळ्यांना पुन्हा मूठमाती दिली. मूठमाती देतो तो मागचाच.

शेवंती: आवडलं! पण 'मागच्या माणसांचा संशोधनातला सहभाग' असा मथळा संपादक पास करतील?

बोरूबहाद्दर: मागची म्हणजे पूर्वीची असाही अर्थ निघतो. घोळ होईल.

मुक्कामपोस्ट: तुमचं 'दफनस्थान'ही पुस्तकी. मसणवटा म्हणा.

खडीसाखर: मसणवट्यात जाळतात.

मुक्कामपोस्ट: आमच्यात पुरतात, ताई. आणि त्यालाच मसणवटा म्हणतात.

बोरूबहाद्दर: मसण हा स्मशानाचा अपभ्रंश. लेखी मराठीत शोभत नाही.

मुक्कामपोस्ट: कुणाच्या लेखी?