मदत हवी आहे: हृदय प्रत्यारोपणानंतर एट्रियल फ्लटर, मग बायोप्सी कशाला?

बाबांचं हृदय प्रत्यारोपण होऊन काही वर्षं झाली. बसल्याजागी नाडी कायम ९५-१०० असते. शस्त्रक्रियेत हृदयाच्या नसा तुटतात, त्यात वेग आवरणारी व्हेगसही जाते, म्हणून असं होतं हे माहीत होतं. पण परवा नेहमीच्या तपासणीत नाडी १५० च्या आसपास आणि ईसीजीत एट्रियल फ्लटर (हृदयाचे वरचे कप्पे अतिवेगाने धडधडणं) निघालं. छातीत दुखत नाही, फक्त जिना चढताना दम लागतो.

डॉक्टरांनी नाडीचा वेग कमी करणारं डिल्टियाझेम सुरू केलं, रिजेक्शन (शरीराने नवं हृदय नाकारणं) टाळणाऱ्या टॅक्रोलिमसचा डोस घटवला आणि बायोप्सी (हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासणं), अँजिओग्राफी करू म्हणाले. बिघाड ठोक्यात आहे तर बायोप्सी कशाला? आणि रिजेक्शनची शंका असेल तर त्याचंच औषध कमी कसं करतात? बाबांसमोर हे विचारता आलं नाही. कुणी यातून गेलंय का?

उत्तर
माझंही प्रत्यारोपण झालंय. डॉक्टर नाही, पण हे सगळं अनुभवलंय.

औषधाचं आधी. टॅक्रोलिमसचं विघटन करणारं यकृतातलं एन्झाइम डिल्टियाझेम अडवतं. डोस तोच ठेवला तर रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, मूत्रपिंडाला मार बसतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी संरक्षण कमी केलेलं नाही, पातळी आहे तिथेच राहावी म्हणून डोस घटवलाय. मात्र तशी ती राहिली का, हे रक्त तपासूनच कळतं. उद्या डिल्टियाझेम बंद झालं की पातळी उलट घसरेल. तेव्हा डोस परत वाढवायचा राहून जातो, तिथे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.

आता बायोप्सी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत ठोके बिघडले तर बऱ्याचदा कारण शस्त्रक्रियाच असते. सगळं स्थिरावल्यावर नव्याने फ्लटर आलं की आधी दोन शंका घेतात: रिजेक्शन, जे बायोप्सीत कळतं, नाहीतर नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणं, जे अँजिओग्राफीत दिसतं. नसा तुटलेल्या असल्याने रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखेलच असं नाही, त्यामुळे ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. दोन्ही निघालं नाही तर उत्तमच. टाक्यांच्या व्रणाभोवती विद्युतप्रवाह फिरत राहूनही फ्लटर होतं, आणि त्यावर अ‍ॅब्लेशन (नळी घालून ती वाट जाळून बंद करणं) करता येतं.

रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का आणि बायोप्सीआधी ते कधी थांबवायचं, हेही विचारून घ्या.

दुसरं उत्तर
एक भर. तातडीने दुसरीकडे न्यावं लागलं तर ‘प्रत्यारोपित हृदय आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. वेगवान ठोके आवरायला देतात त्या अ‍ॅडेनोसिनचा अशा हृदयावर फार जोरदार परिणाम होतो, डोस कमी लागतो. उलट नाडी मंदावली तर ती वाढवायला देतात त्या अ‍ॅट्रोपिनचा सहसा उपयोग होत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. टॅक्रोलिमसची पातळी पुन्हा कधी तपासायची ते चिठ्ठीवर लिहिलेलंच नाही. आत्ताच फोन करते.