आमदारकी म्हणजे फक्त गटारं नव्हे

बाब, तुम्ही लिहिलंय की आमदाराचं काम म्हणजे रस्ते, गटारं आणि चतुर्थीला घरोघर फेरी. हल्ली तसंच झालंय, कबूल. पण आपल्या गोव्यातल्या कुठ्ठाळीचे आमदार माथानी साल्ढाणा आठवतात का? माणूस पेशाने मास्तर, आणि आमदार व्हायच्या किती वर्षं आधी सत्तरच्या दशकात रापणकारांबरोबर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं (रापण) ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांबरोबर, रस्त्यावर उतरलेला. तेव्हा सरकारच ट्रॉलरना, म्हणजे यांत्रिक मासेमारी बोटींना, सबसिडी देत होतं आणि ते ट्रॉलर अगदी किनाऱ्याला लागून मासळी खरवडून न्यायचे, मग रापणीत येणार काय? रापण म्हणजे पाच-दहा जणांचं काम नाही हो, अख्खा वाडा, म्हणजे सगळी वस्ती, दोरी ओढायला लागतो, आणि मासळीचे वाटे पण सगळ्यांत. (आता तरुण पोरं दोरीला हात लावत नाहीत ही वेगळी रड.) मोर्चे, उपोषणं झाली तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला, किनाऱ्यापासून ५ किमीपर्यंत ट्रॉलरना बंदी. पाळतात किती ते किनाऱ्यावर उभं राहून रात्री दिवे मोजा म्हणजे कळेल, पण कायदा हातात आहे म्हणून निदान भांडता तरी येतं. नंतर सांकवाळच्या मेटा स्ट्रिप्स कारखान्याविरोधातल्या आंदोलनातही माथानीच पुढे. मार्च २०१२ मध्ये मंत्री झाले आणि त्याच महिन्यात वारले. म्हणून म्हणतो, उमेदवार दारात आला की गटाराबरोबर हे ५ किमीचं पण विचारा.