वजन तेवढंच, मग सेमाग्लुटाइडने साखर उतरते कशी?

प्रश्न:
टाइप २ मधुमेह, वय ५४. सेमाग्लुटाइडची गोळी ३ मिग्रॅ महिनाभर झाली, आता ७ मिग्रॅचा तिसरा आठवडा. उपाशीपोटीची साखर १७२ वरून १३४ वर आली, पण वजनाचा काटा हलला नाही. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आधीपासून चालू. साखर उतरायला वजन उतरावं लागत नाही का?

प्रतिसाद १:
नाही लागत. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन सुटतं आणि दोनेक मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइड त्याचंच काम करतं, पण त्याचं निम्मं व्हायला आठवडा लागतो. रक्तात साखर चढली की ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, साखर खाली आली की तो जोर ओसरतो. दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही: ते ग्लुकागॉन, म्हणजे यकृताला साखर सोडायला लावणारं हार्मोन, दाबतं. आपण झोपलेलो असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं आणि मधुमेहात ग्लुकागॉन त्याला नको तेवढं पिटाळतं. ते थांबलं की सकाळचा आकडा उतरतो. वजन पुढे उतरलं तर इन्सुलिन अधिक चांगलं लागू पडेल, तो वेगळा फायदा.

प्रतिसाद २:
एक भर. स्वादुपिंडात इन्सुलिन उरलेलं असेल तरच पहिला परिणाम नीट दिसतो. जुन्या मधुमेहात आकडा हलत नसेल तर डॉक्टर सी-पेप्टाइड तपासायला सांगतात; शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते या रक्तचाचणीत कळतं.

प्रतिसाद ३:
मला काळजी ग्लिमेपिराइडची वाटते. ते साखर किती आहे हे न बघता इन्सुलिन पिळून काढतं, त्यामुळे दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी मीटरवर बघत जा. ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी परत मोजा.

प्रश्नकर्ता:
उद्याच विचारतो. गोळी सकाळच्या चहासोबत घेतली तर चालते?

प्रतिसाद ३:
अजिबात नाही. ही गोळी जठरातच शोषली जाते, तीही एक टक्क्याहून कमी. चहा, नाश्ता किंवा दुसरी गोळी सोबत गेली तर तेवढीही लागू पडत नाही. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, अर्ध्या कपाहून जास्त नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर (१२० मिलि ही कमाल) अख्खी गिळा. चहा निदान अर्ध्या तासाने.