पो : खात्यापित्या घरचे स्थळ

ताई, १९७३ च्या डिस्नेपटातील रॉबिन हूड नावाच्या कोल्ह्यावर आपला जीव जडला होता, हे वाचून मला धीर आला. कारण माझे मन २००८ सालच्या ‘कुंग फू पांडा’ या ॲनिमेशनपटातील पो नावाच्या पांडावर बसले आहे. कोल्हा निदान देखणा तरी आहे. पोट सावरत, धापा टाकत राजवाड्याच्या पायऱ्या चढणारा पो नायक म्हणून कोणाच्या नजरेत भरावा? परंतु शिफू गुरुजींशी शेवटच्या डंपलिंगसाठी जेवणाच्या काड्यांनी झुंजून, ते हाती आल्यावर ‘मला भूक नाही’ म्हणत त्यांच्याकडेच टाकणारा पो पाहिला आणि माझी विकेट पडली. खाण्यावर एवढा जीव असणाऱ्याने जिंकलेला घास सोडावा, हा माझ्या लेखी त्या शेवटच्या हाणामारीहून मोठा पराक्रम आहे. आमच्या परभणीच्या घरी स्थळांचा विषय निघाला, की मी त्याचेच नाव पुढे करते: खात्यापित्या घरचा मुलगा, वडिलांचा नूडल्सचा चालता धंदा, स्वभावाने गरीब. सासरे पक्षी आहेत, एवढी बाब आईपासून तूर्त लपवून ठेवली आहे. आजीला मात्र ती कळली असून, ‘हुरड्याला बोलाव त्याला, किती खातो ते बघू,’ एवढेच तिचे म्हणणे आहे.