चेनला प्रेशर मारणाऱ्यांनी एकदा कडी हातात घेऊन बघा

मसाईचा गडी
काल इथं एकानं लिहिलं, "चेनला रॉकेल आणि ब्रश लावत बसणारी लोकं रिकामटेकडी. वॉशिंग सेंटरला पाण्याचं प्रेशर मारा, वरनं तेलाचा स्प्रे मारा, विषय संपला." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. नवीन पोरं हे वाचून तसंच करणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोटरसायकलच्या ओ-रिंगवाल्या चेनमध्ये कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी (बुश) यांच्या मध्ये कंपनीतच ग्रीस भरतात आणि बाजूनं रबरी ओ-रिंगा बसवतात. चेनचा जीव त्या ग्रीसमध्ये. जवळनं प्रेशर मारला की पाणी आणि बारीक माती रिंगेच्या आत घुसते. स्प्रे मात्र आत जात नाही. तो बाहेरच्या रोलरला, स्प्रॉकेटला म्हणजे दातेरी चाकाला, आणि गंज धरू नये म्हणून. आत गेलेली माती तिथंच पिन खात बसते.

मागच्या पावसाळ्यात मी गगनबावड्याच्या दोन-तीन फेऱ्या केल्या आणि दरवेळी गाडी सेंटरलाच दिली. दिवाळीच्या आधी चेन उतरवून हातात धरली, तर चार कड्या वाकलेल्या त्या वाकलेल्याच. बोटानं सरळ केल्या तर कर्र आवाज, आणि पिनेपाशी कुंकवासारखी तांबडी भुकटी. मला आधी माती वाटली. गंज होता.

आता राईडवरनं आलो की गाडी गार व्हायच्या आत बशीत रॉकेल घेतो. मऊ ब्रश, तारेचा नाही. फडक्यानं कोरडी पुसायची, मग 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या अंगानं थेंब थेंब सोडायचं. चाक फिरलं की तेल आपोआप बाहेर पसरतं. रात्रभर ठेवून जादाचं सकाळी पुसायचं. वीस मिनिटांचं काम आहे.

शाहूपुरी एक्सप्रेस
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मी रोज शिरोलीला कामावर जातो, रविवारी पन्हाळा-जोतिबा. दोन वर्षं प्रेशरच मारतोय, चेन अजून तीच. चेन झिजणारीच वस्तू आहे, टायरसारखी. टायरला कोण तेल लावत बसतं? आणि ते 90 नंबर लावून मसाई पठारावर उन्हाळ्यात जाऊन बघा. सगळी धूळ चेनला चिकटते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते.

मसाईचा गडी
शिरोलीचा डांबरी रस्ता आणि बावड्याचा चिखल एका मापात मोजू नका. उन्हाळ्याचं मात्र खरं आहे. धुळीत तेल कमी पाहिजे, पुसून जवळजवळ कोरडं. तेवढं मान्य.

उद्यमनगरचा मिस्त्री
तुम्ही दोघं धुण्यावर भांडायलाय, आणि माझ्याकडं निम्म्या चेनी येतात त्या ताणून मेलेल्या. पोरं चेन तारेसारखी ताठ करतात. अरे बाबांनो, मागचं सस्पेन्शन दबतं तेव्हा पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. एक्सपल्स गाडीचं मागचं चाक 170 मिमी वरखाली होतंय. स्टँडवर ताठ दिसणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढून काढते. ढील किती ते स्विंगआर्मच्या स्टिकरवर नाहीतर पुस्तकात दिलंय, ते बघा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मापा.

आणि 'चेन वाढली' म्हणजे लोखंड ताणलं नाही, पिन-बुश झिजले. 428 मापाची चेन असेल तर वीस कड्यांचं माप 254 मिमी. 259 च्या आसपास गेलं की दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदला. नुसती चेन बदललीत तर जुने दाते नवी चेन खातात. चेन जोडणाऱ्या लॉक-क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला.

राजारामपुरीची रायडर
रॉकेल रॉकेल काय लावलंय, आता मिळतं कुठं? रेशनचं आमच्याकडं कधीच बंद झालं. आमचे दादा पेट्रोलनं धुवायचे, रिंगा फुगून तुटल्या. मी डिझेल वापरते.

अजून एक. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फडकं धरणाऱ्यांनो, माझ्या चुलतभावाची दोन बोटांची पेरं अशीच गेली. फडकं ओढलं गेलं, हात मागोमाग. स्प्रॉकेटला दया नसते. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हातानं फिरवा.

इचलकरंजीकर
ते बशीतलं काळं रॉकेल शेवटी कुठं ओतता? याचं उत्तर इथं एकानंही दिलं नाही.

मसाईचा गडी
अर्धी बशी असते. दारातल्या गटारीत. त्याचा चेनशी काय संबंध?

इचलकरंजीकर
संबंध आहे. तुमची कोल्हापूरची गटार जयंती नाल्याला, नाला पंचगंगेला, आणि पंचगंगा आमच्याकडं. 2012 ला आमच्या गावात काविळीची साथ आली, माणसं गेली. माझी आई पंधरा दिवस दवाखान्यात होती, डोळे हळदीसारखे पिवळे. ती साथ सांडपाण्याची होती, रॉकेलची नव्हे, मला कळतं. पण "अर्धी बशी" म्हणणारी हजार माणसं वरच्या अंगाला राहतात आणि पाणी आम्ही पितो.

शाहूपुरी एक्सप्रेस
बघा, म्हणूनच सेंटरला धुवा म्हणतोय.

इचलकरंजीकर
सेंटरचं पाणी काय आभाळात जातं? तुमच्याकडच्या किती सेंटरला तेल अडवायचा खड्डा आहे, बघून सांगा. आणि नदीच्या घाटावर गाड्या धुणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मसाईचा गडी
नदी साखर कारखाने आणि शहराच्या मैल्यानं नासली, माझ्या बशीनं नाही. चेनच्या धाग्यावर मला गुन्हेगार ठरवू नका.

राजारामपुरीची रायडर
दादा, तुम्हीच वर लिहिलंय ना की बारीक माती आत जाऊन पिन खाते? एक कण दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही. तेच नदीला लावा की.

उद्यमनगरचा मिस्त्री
माझ्याकडं जळक्या ऑइलचं बॅरल आहे, माणूस येऊन घेऊन जातो. तुमच्या ओळखीच्या गॅरेजला विचारा, कुणी नाही म्हणणार नाही. घरी बशीतलं डिझेल दोन दिवस झाकून ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं नितळ परत वापरा, गाळ डब्यात साठवा. मी तसंच करतो, लिटरभर डिझेल कितीतरी दिवस पुरतं.

मसाईचा गडी
कारखान्यांबद्दलचं माझं म्हणणं मागं घेत नाही. पण इचलकरंजीकर, आईचं वाचून गप्प बसलो. गटारीत ओतणं माझं चुकलं. मोकळा पाच लिटरचा कॅन काढलाय, भरला की मिस्त्रींकडं आणतो.

शाहूपुरी एक्सप्रेस
आत्ता खाली जाऊन चेन बोटानं वाकवून बघितली. दोन कड्या अडकतात. पाणी शिरून की दोन वर्षांच्या वापरानं, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, त्यामुळं प्रेशरवर माझं मत आहे तेच. मिस्त्री, ते वीस कड्यांचं माप चेन गाडीवर असतानाच घ्यायचं की उतरवून?

उद्यमनगरचा मिस्त्री
गाडीवरच. खालचा पट्टा ताणून धरायचा आणि पिनेच्या मध्यापासनं पिनेच्या मध्यापर्यंत मापायचं. पट्टी नसेल तर गाडी घेऊन या, व्हर्नियर आहे.